आप्पांची माशी आणि पुतण्याची दुर्बीण

परवा टेक्सासहून पुतण्याचा ईमेल आला. पुतण्या म्हणजे माझ्या चुलतभावाचा मुलगा, आमच्या आप्पाकाकांचा नातू. तिकडे जाऊन पंचवीस वर्षं झाली, आता पन्नाशी उलटली आहे. एरवी त्याची पत्रं दोन ओळींची असतात. तब्येत कशी, पाऊस किती, झालं. या वेळी मात्र प्रश्न होता. "काका, तुम्ही इतिहासाचे मास्तर म्हणून विचारतो. इथे डुकरांच्या शिकारीसाठी रिव्हॉल्व्हर घेतलंय. त्याच्यावर दुर्बीण बसवावी की नको? मित्रांची दोन्ही मतं आहेत."

मंडळी, चौतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. पानिपत का हरलो इथपासून शिवाजी महाराज डावखुरे होते का इथपर्यंत काय काय प्रश्न पोरांनी विचारले, पण हा कुणी विचारला नव्हता. आणि मी राहतो भाईंदरला. इथे बंदूक दिसते ती बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर. तीही तो बिचारा खुर्चीला टेकवून ठेवतो.

हसून सोडून देणार होतो. पण रात्री झोप लागेना. कारण या पोराच्या आजोबांकडे बंदूक होती. ती घरातून का गेली हे त्याला ठाऊक नाही. त्याच्या बापालाही नीट ठाऊक नव्हतं, आणि तो आता हयात नाही. ठाऊक असलेला मी एकटाच उरलोय. तेव्हा मास्तरकी आधी करतो, मग त्या गोष्टीकडे येतो.

तर पहिली गोष्ट, आपल्याकडे शिकारीसाठी रिव्हॉल्व्हर ही कल्पनाच नव्हती. शिकार बंदुकीने, रायफलीने नाहीतर भाल्याने. डुकराची तर भाल्यानेच, घोड्यावर बसून. साहेब लोकांत याचं केवढं वेड होतं! घोडा दौडवता येण्यासारख्या मुलखात डुकराला गोळी घालणं म्हणजे नामुष्की समजत. बेडन पॉवेलने (हो, स्काउटवाला तोच) १८८९ साली या खेळावर अख्खं पुस्तक लिहिलं. कोल्हापूरचे शाहू महाराजही भाल्याने डुक्कर मारण्यात पटाईत होते. चित्त्यांकडून हरणांची शिकार करवायचा शौक कोल्हापूर दरबारात पुढेही बरीच वर्षं टिकला. आफ्रिकेतून चित्ते आणवले जात, त्यांना शिकवणारे चित्तेवान पदरी असत. सांगायचं काय, तर भाला असो की चित्ता, जनावर आधी डोळ्यांसमोर उघड्यावर यायचं. काय मारतोय याबद्दल शंका नसायची.

मग शिकारीत आखूड हत्यार अगदीच नव्हतं का? होतं. हत्तीच्या हौद्यात बसून वाघाच्या शिकारीला निघालेला साहेब कमरेला किंवा हाताशी एक जाडजूड पिस्तूल ठेवी. त्याला नावच 'हौडा पिस्टल' पडलं, आपल्या हौद्यावरून. दोन नळ्यांचं, क्वचित चार नळ्यांचं, पुष्कळदा मोठ्या रायफलीचीच काडतुसं घेणारं. जखमी वाघाने हत्तीच्या गंडस्थळावर झेप घेतली तर शेवटचा उपाय म्हणून. वाघ हातभर अंतरावर आल्यावर नेम कसला धरता! त्या पिस्तुलाला दुर्बीण लावण्याची कल्पना कुणी मांडली असती तर माहुतानेसुद्धा त्याला खाली उतरवलं असतं. रिव्हॉल्व्हरने मुद्दाम शिकारीला जायचं हा प्रकार अमेरिकेतला, आणि तोही तिथे खरा वाढला तो १९५०च्या दशकात 'फॉर्टी-फोर मॅग्नम'सारखी जबरदस्त काडतुसं निघाल्यावर.

दुर्बिणीचा इतिहास मात्र आपल्या मुलखाच्या अगदी जवळून जातो. मुंबई इलाख्याच्या कंपनी सरकारच्या फौजेत डेव्हिडसन नावाचा एक स्कॉटिश अधिकारी होता. हिंदुस्थानात असताना त्याने शिकारीच्या रायफलीवर दुर्बीण बसवून पाहिली. पुढे त्याच्या पद्धतीची दुर्बीण विलायतेतल्या व्हिटवर्थ रायफलीवर बसली. नळीच्या वर नव्हे, डाव्या अंगाला. त्या रायफली अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेच्या निशाणबाजांच्या हाती पडल्या. त्याच युद्धात ९ मे १८६४ रोजी उत्तरेचे जनरल सेजविक आपल्या बिचकणाऱ्या शिपायांना म्हणत होते की एवढ्या लांबून त्यांना हत्तीसुद्धा टिपता यायचा नाही. थोड्याच वेळात डोळ्याखाली गोळी लागून ते पडले. ती व्हिटवर्थचीच होती असं सांगतात. म्हणजे हिंदुस्थानच्या रानात सुचलेली गोष्ट अशी फिरून टेक्साससारख्या दक्षिणेच्या राज्यांच्या बाजूने लढली. वर्गात हे सांगायला मिळालं असतं तर मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी झाली असती. असो.

आता आमच्या आप्पांची बंदूक.

राजापूर तालुक्यातलं आमचं गाव. तेव्हा जिल्हा रत्नागिरी सबंध होता, सिंधुदुर्ग १९८१ला वेगळा झाला. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, खाली भात. दसरा जवळ आला, कणसं भरली की डुकरं उतरायची. एका रात्रीत कळप आला तर सकाळी शेत नांगरल्यासारखं दिसे. म्हणून आप्पांकडे पीकसंरक्षणाचा परवाना होता, आणि ठासणीची एकनळी बंदूक. कोकणात अशा बंदुका घरोघर नसल्या तरी वाडीत एखादी असायचीच.

हा परवाना नीट समजून घ्या, कारण त्यात आपला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा केला. ज्या मुलखात सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी तोड्याच्या बंदुका घेऊन लोक वसईच्या मोहिमेवर गेले होते (आमच्या भाईंदरच्या टोकाला चौकचा धारावी किल्ला आहे ना, तिथेच पोर्तुगिजांशी झुंज झाली होती), तिथल्या कुणब्याला आता डुकरावर झाडायची असली तरी सरकारी कागद लागू लागला. स्वातंत्र्यानंतर १९५९चा कायदा आला. त्यातही शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख कलमात वेगळा आहे, पीक राखण्याच्या खऱ्या कारणासाठी म्हणून. कायद्याने त्याला दिली ती गुळगुळीत नळीची, एकदा उडाली की पुन्हा भरायला चांगली दोन-तीन मिनिटं लागणारी बंदूक. ती भरणं हा एक सोहळाच होता. दारू ओतायची, काथ्याचा बोळा कोंबायचा, गजाने ठासायचा, मग छर्रे किंवा गोळी, परत बोळा, परत ठासणी. शेवटी घोड्याखाली केप बसवायची. पावसाळी हवेत केप नुसतीच फटकन वाजे आणि डुक्कर हसत निघून जाई.

नेम धरायला नळीच्या टोकावर पितळेची एक बारीक माशी. बस्स. मागे खाच वगैरे काही नाही. दिवसा ठीक, पण डुक्कर दिवसा येतंय कुठे? अंधारात माशीच काय, नळीसुद्धा दिसत नसे. मग आप्पा काय करीत, पानाच्या चंचीतली चुन्याची डबी काढीत आणि बोटाने माशीवर चुन्याचा ठिपका लावीत. चांदण्यात तो ठिपका पांढरा चमके. ही आमची दुर्बीण! मला त्याचं फार कौतुक वाटे. अजूनही चुन्याच्या वासाबरोबर मला दारूचा वास येतो.

गोष्ट १९६२ची. मी बारा वर्षांचा. पुतण्याचे वडील तेव्हा चार वर्षांचे. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती, मोठी माणसं रेडिओवर चीनच्या बातम्या ऐकून आली होती आणि माळ्यावर बसून त्याच बोलत होती. हळूहळू सगळे पांगले. आप्पा आणि मी उरलो. माझ्याकडे बॅटरी. आप्पांनी खांद्यावर थाप मारली की लावायची, त्याआधी नाही, कारण उजेड दिसला की डुक्कर पळतं. हा आमचा ठरलेला करार.

मध्यरात्रीनंतर नाचणीत सळसळ झाली. आप्पांना डुलकी लागली होती. मी त्यांचं धोतर ओढलं आणि कानात म्हटलं, "आप्पा, डुक्कर." ते उठले, बंदूक खांद्याला लावली. मी थापेची वाट बघत होतो. थाप आली नाही. मी पुन्हा म्हटलं, "आप्पा, मोठा आहे, बघा ना." मला काहीच दिसलं नव्हतं. फक्त सळसळ ऐकू आली होती, आणि मोठा डुक्कर मारलेला मला दुसऱ्या दिवशी शाळेत सांगायचा होता.

आवाज झाला. आणि डुक्कर ओरडतं तसं काही ओरडलं नाही. माणूस ओरडला.

वरच्या वाडीतले एक गृहस्थ होते. पारडू दावं तोडून पळालं म्हणून शोधायला उतरले होते, कंदील वाऱ्याने विझला होता. छर्रे मांडीत आणि गुडघ्यात. मी बॅटरी लावली ती तेव्हा. आप्पांनी बंदूक टाकून धोतराचा सोगा फाडला आणि बांधला. डोली करून पहाटे त्यांना तालुक्याला नेलं. जीव वाचला, पाय मात्र कायमचा आखडला.

पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा मी दाराआड उभा होतो. आप्पा म्हणाले, "सळसळ मीच ऐकली, मीच झाडली. पोर झोपला होता." बंदूक चौकीत जमा झाली ती परत आली नाही. आप्पांनी मागितलीच नाही. दर वर्षी भात झोडून झालं की दोन मण भात वरच्या वाडीला जायचं, ते आप्पा गेल्यावर चुलतभावाने चालू ठेवलं. 'का' असं तो मला एकदा विचारत होता. मी म्हटलं, जुना काहीतरी व्यवहार असेल. इतिहासाचा मास्तर मी! आप्पांनी मला या विषयावर उभ्या आयुष्यात एक शब्द विचारला नाही. रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

ही गोष्ट मी आमच्या हिलासुद्धा काल सांगितली. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

तर बाळ, तुझ्या दुर्बिणीकडे येतो. मी दोन रात्री जागून वाचलं आहे आणि माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचाही उपयोग झाला. तू लिहिलं नाहीस, पण तुझं खरं दुखणं मला कळलं. तुला पुढची माशी धूसर दिसते ना? चाळिशीनंतर सगळ्यांचंच होतं. नेम धरायचा म्हणजे तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या, मागची खाच, पुढची माशी आणि निशाण. तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर. जवान डोळासुद्धा एका वेळी एकच स्पष्ट पाहतो, पण तो भराभर बदल करू शकतो. आपल्या डोळ्यातलं भिंग ताठरलं की तेही संपलं. दुर्बिणीत निशाण आणि फुली एकाच पातळीवर दिसतात, एवढाच तिचा मोठा गुण. मोठं दिसणं हा त्यापुढे किरकोळ.

पण रायफलीची दुर्बीण रिव्हॉल्व्हरला चालत नाही हे तुला मित्रांनी सांगितलं असेलच. ती डोळ्यापासून तीन-चार इंचांवर धरायची असते. रिव्हॉल्व्हर असतं हाताच्या अंतरावर, त्याला वेगळी लांब पल्ल्याची लागते. तिच्यातून दिसणारं वर्तुळ लहान असतं, आणि हात लांब केलेला असल्यामुळे जरा मनगट हललं की जनावर वर्तुळाबाहेर. ते पुन्हा सापडेपर्यंत डुक्कर शेजारच्या शेतात. शिवाय वजन वाढतं, म्यानात बसत नाही, आणि मोठ्या काडतुसाच्या धक्क्याने स्क्रू ढिले होतात ते वेगळंच. ठिपक्याची नवी काच निघाली आहे, मोठं काही करत नाही, नुसता एक लाल ठिपका निशाणावर तरंगताना दाखवते. तुझ्या डोळ्यांना आणि तीस-चाळीस पावलांच्या शिकारीला मला तीच बरी वाटते. आप्पांचा चुन्याचा ठिपकाच तो, फक्त वीज घातलेला.

आपल्याकडचे नेमबाज काय करतात तेही पाहिलं. ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाला भिंगाची दुर्बीण चालतच नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं ते उघड्या माशीवर. स्वप्निल कुसाळे, राधानगरी तालुक्यातला पोरगा, २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्यपदक घेऊन आला, तेही बारीक छिद्रातून पाहून, मोठं करणाऱ्या काचेशिवाय. (राधानगरीचं ते दाजीपूरचं जंगल एकेकाळी कोल्हापूरकरांचं शिकारीचं रान, १९५८ पासून अभयारण्य.) पण ती पोरं जवान आहेत, आणि त्यांचं निशाण जागचं हलत नाही. मुख्य म्हणजे ते निशाणच आहे याची त्यांना खात्री असते.

आणि इथे माझी एकच हरकत आहे, ती नीट ऐक. दुर्बीण बंदुकीवर बसवली की माणूस तिच्यातून बघू लागतो. झुडपात काय हललं? बघूया. बघूया म्हणजे काय, तर भरलेली नळी तिकडे रोखायची. मग कळणार की ते डुक्कर आहे, की शेजारच्या फार्मवरचा मजूर आहे, की त्याचं पोर. ओळख पटायच्या आधीच तू नेम धरलेला असतोस, आणि धरलेला नेम सोडणं किती अवघड असतं ते मी माळ्यावर शेजारी बसून पाहिलं आहे. कॉर्बेटने १९२६ साली रुद्रप्रयागचा बिबट्या रात्री मारला, तेव्हा रायफलीला बॅटरी बांधली होती. दिवस-रात्र त्या जनावरामागे घालवलेला माणूस तो, आणि त्यालाही उजेड हवा होता.

म्हणून वेगळी साधी दुर्बीण घे, दोन डोळ्यांची, पक्षी बघायला नेतात तसली, आणि गळ्यात अडकव. आधी तिच्यातून बघ. बघताना रिव्हॉल्व्हर म्यानात. डुक्कर आहे असं तुझ्या स्वतःच्या डोळ्यांना दिसलं तर मग लाल ठिपका, माशी, चुना, काय हवं ते. शेजारी बसलेला कुणी "मोठा आहे, मार" म्हणाला तर त्याचं ऐकू नकोस. मग तो कितीही जवळचा असो.

शिकार करावी की नाही हे मी तुला सांगत नाही. इथे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर तो प्रश्नच मिटला. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला मारायचं तरी वनखात्याची परवानगी लागते. तुमच्याकडे उलट आहे. स्पॅनिश लोकांनी नेलेली पाळीव डुकरं रानात पळाली, पुढे रानडुकरं आणून सोडली, दोन्हींची प्रजा मिसळली आणि आता आवरत नाही म्हणे. जमीनमालकाची संमती असेल तर २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. जात मात्र तीच आपली. आप्पांच्या नाचणीत शिरायची तीच.

हे सगळं ईमेलात लिहून पाठवलं आणि इथेही टाकतोय, कारण घरातले बाकीचे वाचतात आणि त्यांनाही हे आता माहीत असावं. काल रात्री पुतण्याचा फोन आला. दुर्बिणीचं काही बोललाच नाही. थोडा वेळ गप्प होता. मग विचारलं, "काका, त्या गृहस्थांचं पुढे काय झालं?"

मी सांगितलं. बरीच वर्षं जगले. काठी घेऊन चालत. गणपतीत मी गावी गेलो की आरतीला भेटत. मी शिक्षक झाल्यापासून मला 'मास्तर' म्हणत. एका वर्षी मी धीर करून म्हटलं, मला तुमच्याशी त्या रात्रीबद्दल बोलायचंय. ते म्हणाले, "मास्तर, ता पारडू दुसऱ्या दिवशी आपणच घरी इला होता." आणि आरतीची टाळ माझ्या हातात दिली.

पुतण्या म्हणाला, भात अजून जातं का? मी म्हटलं, शेतच पडीक आहे रे आठ वर्षं. त्यांच्या नातवाचा पत्ता देतो.